कबरी भाकरी

आमच्या घरची भाकरी कधी एका रंगाची नसायची. पांढऱ्या पिठात तांबडे ठिपके, मध्येच हरभऱ्याचा एखादा पिवळा कण, कुठे जवसाचं टरफल. गावातल्या बायका तिला कबरी भाकरी म्हणत, आणि ती कुणाच्या घरची हे वेगळं सांगायची गरज त्यांना पडत नसे. कारण साधं होतं. आम्हाला वावर नव्हतं. सुगी आली की माझा बा खांद्यावर झोळी आणि काखेत सूप घेऊन खळ्याखळ्यावर जायचा आणि प्रत्येक शेतकरी आपल्या राशीतलं थोडं धान्य त्याच्या झोळीत टाकायचा. पाटलाची ज्वारी टपोरी असायची, नाल्याकाठच्या वावरातली बारीक आणि तांबूस. माय सगळं एकाच कणगीत ओतायची, त्यातलंच जात्यावर घ्यायची. भाकरीचा तुकडा तोंडात घालून मी हा दाणा कुणाच्या खळ्यावरचा असेल याचे अंदाज बांधत बसायची. सोबत जवसाची चटणी नाहीतर अंबाडीची भाजी. आता मुलाच्या घरी यवतमाळला पिठाच्या पिशव्या येतात आणि पोळ्या सगळ्या एकसारख्या गोऱ्या होतात. तक्रार नाही, पण त्या खाताना अंदाज बांधायला काही उरत नाही.

बा गारपगारी होता. गारपगारी म्हणजे गारा परतवणारा. फाल्गुन-चैत्रात गहू-हरभरा वावरात उभा असतो, ज्वारीची कणसं खळ्यावर पडलेली असतात, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे आभाळ काळंनिळं होतं. तसं झालं की गाव आमच्या दाराशी यायचं. बा अंगातली बंडी काढायचा, कपाळाला राख फासायचा, भिंतीवरचा त्रिशूळ उतरवून मारोतीसमोरच्या ओट्यावर उभा राहायचा आणि गळ्यातली शिंगी फुंकायचा. शिंगी म्हणजे बोटभर लांबीची काळी शिट्टी. तिचा आवाज इतका बारीक की घरात ती मांजरालासुद्धा उठवत नसे, पण तेवढ्या आवाजानं ढगाला दुसरी वाट धरायला लावायची, असं ते काम होतं. ढग आला आणि गेला तर ती बाची करामत. ढग आलाच नाही तरी बाचीच करामत. अशी नोकरी मी पुढे कुठे पाहिली नाही. बाच्या बापानं हेच केलं, त्याच्या बापानंही हेच. बाचा स्वतःचा यावर विश्वास होता का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. कुंभाराच्या पोरीनं बापाला 'तुमचा मडक्यावर विश्वास आहे का' असं विचारावं, तसं ते झालं असतं.

त्या काळात आमचं राज्य सारखं बदलत होतं. आधी आम्ही एका राज्यात होतो, मग दुसऱ्यात गेलो, मग तिसऱ्यात. दिग्रसच्या बाजाराला जाऊन आलेली माणसं दर वेळी नवी राजधानी सांगायची. गाव मात्र जागचं हललं नाही आणि गारांनीही आपली वाट बदलली नाही. नाल्यापलीकडे टेकाडावर बंजाऱ्यांचा तांडा होता. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. आता तेही आमच्या गावासारखे ज्वारी-कापूस पेरून एका जागी बसले होते. गाव आणि तांडा यांच्यात भांडण नव्हतं. घसटही नव्हती. नाला मध्ये होता, तेवढं दोन्हीकडच्यांना पुरत होतं.

ज्या वादळाबद्दल मला सांगायचं आहे, त्याच्या आदल्या वर्षी असाच ढग आला होता. बानं शिंगी फुंकली, त्रिशूळ रोखला, आणि ढग गावावरून सरकून नाल्यापलीकडे जाऊन फुटला. तांड्याचा गहू आणि हरभरा आमच्या डोळ्यांसमोर पांढरा झाला. आमच्याकडे चार थेंबसुद्धा पडले नाहीत. गावाला कोण आनंद झाला. पाटील स्वतः नारळ आणि नवं धोतर घेऊन आमच्या दारात आला. "बुवा, ढग कसा कान धरून नेला तुमी," असं म्हणाला. बानं नारळ घेतला, धोतर घेतलं, मान खाली घालून हसला. माय दारात उभी राहून टेकाडाकडे बघत होती. लोक गेल्यावर ती म्हणाली, "तिकडंबी लेकरं हायेत." बानं नारळ फोडून मला खोबरं दिलं. ते गोड होतं, हे मला आजही आठवतं. गावातून तांड्याकडे त्या दिवशी कुणी गेलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आपलं वाचलं याच्या सुखात दुसऱ्याचं गेलं हे दिसत नाही, असं मी म्हणणार नाही. सगळ्यांना लख्ख दिसत होतं.

आणि मग पुढच्या फाल्गुनात वादळ आलं. दुपारची जेवणं झाली होती. हवा इतकी थांबली होती की मारोतीसमोरच्या पिंपळाचं पानही हलत नव्हतं, पिंपळाच्या बाबतीत ही नवलाची गोष्ट. मग पश्चिमेकडून गिरणी चालू व्हावी तसा आवाज आला. बा त्रिशूळ घेऊन निघाला, मागोमाग माय आणि मी. तो ओट्यावर चढला, शिंगी तोंडाला लावली, पण वाऱ्यात ती वाजली की नाही हे त्यालाही कळलं नसेल. आधी वाऱ्यानं पाटलाच्या गोठ्याचे टिनाचे पत्रे उचलले. मग गारा. सुरुवातीला बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. बा हात वर करून तसाच उभा होता. एक गार त्याच्या कपाळावर बसली आणि रक्त डोळ्यात उतरलं, तरी तो हलेना. शेवटी मायनं त्याला कमरेला धरून देवळात ओढलं. आम्ही तिघं मारोतीच्या मागे दाटीवाटीनं बसलो, आणि बाहेर गावातली कवेलू, म्हणजे घरांवरची कौलं, फुटत होती. मडकी विकणाऱ्याची गाडी उलटली आणि उलटतच राहिली, तर जसा आवाज होईल तसा तो आवाज होता.

थांबलं तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. घरांवर नुसत्या लाकडांच्या फासळ्या उरल्या होत्या. गहू जमिनीला चिकटला होता. खळ्यावरची कणसं नाल्यात गेली होती. निंबाखाली पोपट मरून पडले होते आणि लहान पोरं ते गोळा करत होती. पाटलाची म्हातारी आत्या भिंतीखाली सापडली. पाटलाची आई तो रांगता असताना गेली होती. त्याला या आत्यानंच वाढवलं होतं. तो तिच्यापाशी चिखलात बसला होता आणि तिच्या पातळावरचे मातीचे कण एकेक करून वेचत होता. त्याचं पुढचं वागणं मला कधीच आवडलं नाही. पण त्याला आठवताना मी हेही आठवते.

दिवस बुडायच्या आत नाल्यातून तांडा वर आला. आधी बांगड्यांचा आवाज, बंजारा बायकांच्या दंडापर्यंत भरलेल्या पांढऱ्या बांगड्यांचा, आणि मग डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. तांड्यावर या वेळी गारेचा दाणाही पडला नव्हता. पुढे याडी होती. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. ती तांड्याच्या नाईकाची आई आणि म्हणून सगळ्यांचीच याडी. टोपल्यांत ज्वारीच्या जाड भाकरी होत्या, त्यांच्या भाषेत बाटी, आणि लाल मिरचीचा ठेचा. तांड्याच्या हातचं गावात कुणी खात नसे, पण त्या संध्याकाळी कुणी टोपलीकडे बघून मान फिरवली नाही. मागून नाईक बैलगाड्या घेऊन आला. गाड्यांत बांबू, गवताच्या पेंढ्या, पळसाची पानं, दोर. तो पाटलाला एवढंच म्हणाला, "पाटील, आधी लेकरं-बाळंतिणींची घरं झाकू, मंग बाकीची." आणि त्याची माणसं छपरांवर चढली. गावाला नीट आभारही मानता आले नाहीत, कारण आभार मानायचे तर आदलं वर्ष आठवावं लागलं असतं.

पुढचे दोन-तीन दिवस बरे गेले. सगळे दमलेले होते, आणि दमलेला माणूस कुणाला दोष देत बसत नाही. मग तालुक्याहून सरकारी ज्वारी आली, पोटात थोडं पडलं, आणि विहिरीवर बोलणं सुरू झालं. मी घागर घेऊन गेले की बायका गप्प व्हायच्या. बुवानं ढग फिरवला, हे आधी. मग, तांड्यानं फिरवायला लावला. मग, त्यासाठी बुवाला बकरा दिला. आमच्या घरी बकरा आला असता तर मला नक्की कळलं असतं, मी तितकी भुकेली होते. पण पुरावा त्यांच्याकडे होता. तांडा वाचला, हा एक पुरावा. आणि दुसरा त्याहून पक्का: "मदत काहून करून राह्यले ते? मनात काही असल तवाच ना." म्हणजे भाकरी आणली हाच गुन्हा ठरला. एका सकाळी बायकांनी याडीच्या टोपल्या नाल्यावरूनच परत पाठवल्या. नाईकाच्या माणसांना दोन घरांवरून खाली उतरायला सांगितलं. ती छपरं अर्धी राहिली आणि त्या घरांतली पोरं ऊन खात बसली.

त्याच सकाळी पाटील आमच्याकडे आला. आमच्या खोपटावर तेव्हा गोणपाट होतं. तो रागात नव्हता. राग असता तर सोपं झालं असतं. तो म्हणाला, "बुवा, तुमी घरचेच हा. दुपारी पारावर सारे जमून राह्यले. मारोतीपुढं नाक घासा, तांड्याच्या नादी लागून ढग फिरवला म्हना. गाव माफ करन. तुमचं सूप, तुमचा मान पहिल्यासारखा राहीन. नाही म्हनसान तं मंग गाव सोडा लागन." एवढं बोलून तो गेला. मी पोर होते तरी मला त्यातली मेख कळली. हो म्हटलं की बा गुन्हेगार होत होता, पण गारपगारीही राहत होता. उलट गारपगारी म्हणून अधिकच मोठा होत होता. नाही म्हटलं की तो निर्दोष, आणि नुसता एक बिनवावराचा माणूस.

माय चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "हो म्हना. नाक घासल्यानं झिजत नाही. या पोरीले घेऊन कुठी जाचं आपन?" बा म्हणाला, "आन् तांडा?" माय म्हणाली, "तांडा पायते आपलं." तिला मी यासाठी कधी दोष दिला नाही. कणगी रिकामी होती आणि ती रोज तिच्यात हात घालत होती. तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या. याडी उभी होती, परत पाठवलेल्या टोपलीतली बाटी फडक्यात बांधून. ती नाल्याच्या दुसऱ्या वाटेनं आली होती. तिनं फडकं माझ्या हातात दिलं, बासमोर बसली, त्याच्या कपाळावरची जखम निरखली आणि कमरेच्या पिशवीतली हळद काढून तीवर दाबली. "दुखते का रे?" असं तिनं विचारलं. एवढ्या दिवसांत गावातल्या कुणी हे विचारलं नव्हतं. बानं मान हलवली. ती गेल्यावर मायनं बाटीचे तीन वाटे केले. पुन्हा ती 'हो म्हना' म्हणाली नाही.

दुपारी पारावर गाव जमलं. पाटलाचं घर मारोतीच्या समोरच होतं, आणि त्याच्या छपरावर नाईक एकटाच बांबू बांधत बसला होता. त्याला उतरायला सांगायचं राहून गेलं होतं की पाटलाला ते सोयीचं नव्हतं, कोण जाणे. बा ओट्याखाली उभा राहिला. पाटलानं विचारलं, "बोला बुवा. ढग तुमी फिरवला का नाही?"

बा म्हणाला, "माह्यानं गार फिरत नाही, पाटील. कधीच फिरली नाही. माह्या बापाच्यानंबी फिरत नव्हती."

हे तो इतक्या सरळ म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. त्याचा आवाज साधा होता, बाजारात भाव सांगावा तसा. पण तो स्वतःच्या बापाला, आज्याला, भिंतीवरच्या त्रिशुळाला, सगळ्यांना एका वाक्यात खाली ठेवत होता. तो मला त्या क्षणी फार आवडला.

गावाला मात्र ते पटलं नाही. गुन्हेगार बुवा त्यांना चालला असता. निरुपयोगी बुवा नको होता. "खोटं बोलून राह्यला," मागून कुणी म्हणालं. पाटील पुढे झाला. "मंग मांगच्या साली नारळ कायले घेतला?"

"तुमी देल्ला म्हून घेतला," बा म्हणाला. "नोता घ्यायले पायजे. तिकडं तांड्यावर गार पडून राह्यली होती, आन् मी इकडं खोबरं खाल्लं."

तेव्हा छपरावरून नाईकाचा आवाज आला. तो आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता, गाठ मारत होता. "मांगच्या साली आमच्यावर पडली, पाटील. तुमी सारे म्हनत होते का बुवानं पाठवली. आमी कोनाले काही पुसलं का? आभाळ होतं, पडलं." मग गाठ आवळून तो म्हणाला, "कोनी दोर धरा बरं खालून. एकट्यानं वढल्या जात नाही."

दोर पाटलाच्या अंगणात लोंबत होता. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. दोर धरावा तर तांड्याशी सलोखा झाला, न धरावा तर पाटलाचं छप्पर खाली येतं. बा गर्दीतून निघाला आणि त्यानं दोर धरला. नाईक वरून "वढा" म्हणाला की तो ओढायचा, "सोडा" म्हणाला की सोडायचा. त्यांचं असं चालू राहिलं आणि पारावरची माणसं हळूहळू उठून गेली. निकाल लागला नाही. आमच्या गावात बऱ्याच गोष्टींचा निकाल असाच लागला आहे.

आम्हाला कुणी हाकललं नाही. पण बाला बुवा म्हणणंही बंद झालं. तो नाईकाबरोबर छपरं शाकारायला जाऊ लागला, आधी गावातली, मग आसपासची, पार कळंबच्या वाटेपर्यंतची. माय कापूस वेचायला जाऊ लागली. सुगीत बा सूप घेऊन निघाला नाही आणि त्याला कुणी बोलावलं नाही. बाजारातून एका जातीची ज्वारी घरात यायला लागली आणि भाकरी एका रंगाची झाली. चवीला ती बरी होती. तरी पहिल्या दिवशी ती ताटात बघून मला रडू आलं, आणि मायनं 'काय झालं' असं विचारलं नाही, म्हणजे तिलाही आलं असावं. हल्ली मुलाच्या मोबाइलवर गारपिटीचा इशारा दोन दिवस आधी येतो. गारा पडल्यावर टीव्हीवर माणसं कुणी काय करायला हवं होतं ते सांगत बसतात. मी मुलाला आवाज बारीक करायला सांगते.

पुढचा फाल्गुन आला आणि एका दुपारी पश्चिम पुन्हा काळीनिळी झाली. बा जेवत होता. दारात पावलं वाजली. सगळं गाव होतं, पुढे पाटील. ज्याला वर्षभर हाक मारली नाही त्याला आता काय म्हणून हाक मारायची, हे त्यांना सुचत नसावं. त्यांच्या तोंडावर भीती होती, दुसरं काही नव्हतं. बानं हात धुतले. भिंतीवरच्या त्रिशुळाकडे त्यानं पाहिलं आणि तो तिथेच राहू दिला. शिंगीही घेतली नाही. मी म्हटलं, "कायले जाता, बा?" तो म्हणाला, "एकट्याले भ्याव वाटते, सुभे." आणि तो जाऊन मारोतीपुढे त्यांच्यात उभा राहिला. ओट्यावर नाही, खाली, सगळ्यांच्या ओळीत.

ढग आला, गावावर अंधार करून थांबला, आणि दक्षिणेकडे सरकला. थोड्या वेळानं तिकडून तो गिरणीसारखा आवाज ऐकू आला, लांबून. गावानं श्वास सोडला. पाटलाच्या घरून कुणी पळत जाऊन नारळ आणला. पाटील तो दोन्ही हातांत धरून बापुढे आला. बा दक्षिणेकडे बघत होता.

"कोनत्या गावावर गेली?" त्यानं विचारलं.

"आपल्यावर नाही पडली ना," पाटील म्हणाला.

बानं नारळाकडे पाहिलंच नाही. तो गर्दीतून मायकडे वळला. "सुभीचे माय, भाकरी टाक. मी नाईकाची गाडी आनतो."

माय आधीच घराकडे निघाली होती. पीठ थोडं होतं. तिनं परात घेतली, चूल पेटवली, आणि पहिली भाकरी तव्यावर पडते न पडते तोच पाटलीण दारात आली, पदराखाली पिठाचा डबा घेऊन. तिनं तो परातीपाशी ठेवला. मग शेजारची आली, मग नाल्याकाठच्या वावरवाल्याची सून. कुणी ओंजळभर आणलं, कुणी टोपलंभर. माय सगळं त्याच एका परातीत ओतत गेली आणि मी पाणी घालत गेले. नाईकाची गाडी दारात आली तेव्हा टोपली भरली होती. त्या भाकरी कबऱ्या झाल्या होत्या.